वाटपयोग्य

“घराच्या केसी घ्यायच्या असतील तर घ्या की, मी कोण न्हाई म्हणणारा?” नानासो वकील म्हणाले होते. “पर एक ध्यानात ठेवा, बाई. ज्याला स्वतःलाच घर पायजे असतंय, त्यानं दुसऱ्याच्या घरासाठी भांडताना जपून ऱ्हावं. एक दिवस कोणतरी तुमच्यासमोर किल्ली धरंल, आन् तुमाला कळायच्या आत तुमचा हात पुढं झालेला असंल.” यावर चारुशीला हसली होती. ब्याण्णव साल, सांगलीच्या कोर्टातली बाररूम, अंगावर नवा काळा कोट, त्याची बाही शिंप्यानं अर्धा इंच आखूड केलेली, आणि समोर तीस वर्षं वकिली केलेले, आष्ट्याकडची बोली अजिबात न सोडलेले नानासो. “म्हणजे काय, बंगलेवाल्यांनीच वकिली करायची?” असं ती म्हणाली होती, आणि संध्याकाळी घरी नवऱ्याला, सुमंतला, तिनं नानासोंची नक्कल करून दाखवली होती, हात पुढं करून, डोळे बारीक करून. सुमंत पोट धरून हसला होता. आता त्या नकलेतला स्वतःचाच पुढं केलेला हात तिला आठवतो, तळवा वर असलेला.

किल्ली आठवायचं कारण तसं लहानसंच होतं. सत्त्याण्णवच्या जानेवारीतली एक दुपार. क्रांती सिस्टर ड्यूटी संपवून आली, पिशवीतून एक लिफाफा काढला आणि टेबलावर सरकवला. “ताई, तेवढं वाचा. मला त्यातला एक शब्द समजंना.” चारुशीलेनं कागद उलगडला. संस्थेच्या लेटरहेडवर तीन ओळी होत्या. ‘आपला दि. १४ ऑक्टोबरचा सभासदत्वाचा अर्ज प्राप्त झाला. सद्यःस्थितीत संस्थेकडे वाटपयोग्य सदनिका शिल्लक नसल्याने सदर अर्जाचा विचार करता येत नाही. कळावे.’ खाली तारीख दहा जानेवारी. तिनं सवयीनं मनातल्या मनात दिवस मोजले. अठ्ठ्याऐंशी. आणि मग तिनं ती ओळ पुन्हा वाचली, कारण ते वाक्य तिचं होतं. ‘वाटपयोग्य’ हा शब्द तर तिचाच, खास तिनं सुचवलेला. आपण लिहिलेलं पत्र दुसऱ्याच्या पत्त्यावर जाऊन फिरून आपल्याच हातात यावं तसं झालं. “हा शब्द बघा,” क्रांती बोट ठेवून म्हणाली, “वाटपयोग्य. म्हंजे काय वो?” तिचं बोट स्वच्छ, नखं बारीक कापलेली. त्या बोटाकडे बघत चारुशीला म्हणाली, “म्हणजे... देता येण्यासारखी.” क्रांती हसली. “मग हाय की. तुमच्याच वरची. रिकामीच हाय तर.”

त्या बोटाला ती फार आधीपासून ओळखत होती. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत ओवी दीड महिना आधीच जन्मली, तेव्हा तिचं वजन चौदाशे ग्रॅम होतं, आणि तेवीस दिवस ती काचेच्या पेटीत होती. पेटीला दोन गोल खिडक्या. त्यातून क्रांतीचा हात आत जायचा आणि त्या एका बोटाला ओवीची मूठ धरायची. चारुशीला बाहेर स्टुलावर बसून बघायची. आपल्या बोटाऐवजी दुसरीचं बोट, याचा तिला हेवा वाटायचा आणि लगेच त्या हेव्याची लाजही वाटायची. “ताई, घाबरू नका, लय चिवट हाय तुमची पोरगी,” क्रांती म्हणायची. “माझी आय म्हणती, चौदाशे ग्रॅम म्हंजे दोन शेर बी न्हाई, पर मिरची कुठं शेरात मोजत्यात?” त्या तेवीस दिवसांत चारुशीलेनं मनाशी काय काय कबूल केलं होतं. देवाशी नव्हे, देवावर तिचा फारसा भरवसा नव्हता, त्या बोटाशी. हिनं कधी काही मागितलं तर आपण नाही म्हणायचं नाही. क्रांतीनं तीन वर्षं काही मागितलं नाही. आणि मागितलं तेव्हा एवढंच, की या शब्दाचा अर्थ सांगा.

खरं तर घराच्या केसेस चारुशीला घेऊ लागली, त्याचं मूळ फलटणला होतं. वडील शिक्षक, सातारा, वाई, फलटण, पुन्हा सातारा, अशा बदल्या. प्रत्येक गावी उन्हाळ्यात वडिलांचं बोट धरून भाड्याची खोली शोधत फिरायचं. मालक दारात उभा राहून विचारायचा, “पूर्ण नाव काय म्हणालात?” वडील नाव सांगायचे, आणि आडनाव तोंडातून पडलं की मालकाचा चेहरा सैल व्हायचा. “या की आत. पाणी घ्या.” लहानपणी तिला वाटायचं, आडनाव म्हणजे कडी काढायची एक युक्ती आहे आणि ती सगळ्यांना येत असणार. फलटणला शाळेचा नवा शिपाईही त्याच दिवशी, त्याच गल्लीत बायकोमुलं घेऊन फिरत होता. त्याच मालकाकडे तो यांच्या आधी येऊन गेला होता, आणि त्याला “खोली दिली गेली” असं सांगितलं होतं. तीच खोली मग यांना मिळाली. संध्याकाळी वडिलांना ते कळलं तेव्हा ते सामान लावत होते. ते थांबले, ट्रंकेवर थोडा वेळ बसले, आणि पुन्हा सामान लावायला लागले. नऊ वर्षांच्या चारुशीलेनं ते थांबणं पाहिलं होतं. पुढं लॉ कॉलेजात कोणी विचारलं की ती ही गोष्ट सांगायची, वडिलांना थोडं हळूच दोष देत. त्या थांबण्यात किती काय मावलेलं असतं, हे तिला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

पहिली मोठी केस गुंडा मास्तरांची. कैकाडी समाजातले प्राथमिक शिक्षक. शिक्षकांच्याच गृहनिर्माण संस्थेनं त्यांचा अर्ज कपाटात ठेवून दिला. ‘हो’ही नाही, ‘नाही’ही नाही, नुसतं मौन. चारुशीलेनं कायद्यातली बारीक वाट शोधली. अर्ज दिल्यापासून तीन महिन्यांत संस्थेनं उत्तर कळवलं नाही, तर अर्जदार सभासद मानला जातो. संस्थेला वाटत होतं, गप्प बसणं सगळ्यात सुरक्षित. ती उपनिबंधकांसमोर उभी राहून म्हणाली, “साहेब, हे मौनच आमचा पुरावा आहे.” केस जिंकली. पेपरात चार ओळी आल्या. गुंडा मास्तर पेढे घेऊन आले आणि म्हणाले, “बाई, तुमी न्हाई जिंकला, त्यांचा आळस जिंकला.” ती हसली, पण मनातून तिला ते आवडलं नव्हतं. त्यानंतर लोक यायला लागले. एक मुसलमान टायपिस्ट, एक नवऱ्यानं टाकलेली बाई, पारध्यांतला एक कंडक्टर. काही केसेस जिंकल्या, बऱ्याच मधेच विरल्या. ज्यांनी विचारलं त्यांना ती अभिमानानं सांगायची, मी घरांची वकील आहे.

आणि स्वतः राहत होती गावभागातल्या एका खालच्या खोलीत, जिच्या भिंतीला नदीची ओल कायम. भिंतीवर हात ठेवला की तळव्याला मिठासारखं काही लागायचं. ओवी वर्षाची झाली तरी तिच्या छातीत रात्रंदिवस घरघर. चारुशीला तिच्या पाठीला कान लावून बसायची, श्वास मोजायची. कोर्टात उलटतपासणी चालू असताना मधेच तिला ती घरघर ऐकू यायची आणि प्रश्न विसरायचा. डॉक्टर म्हणाले, जागा बदला, हेच औषध. जागा बदला! जणू ओलं दुपटं बदलायचं होतं. पंच्याण्णवच्या जूनमध्ये सुमंतच्या ओळखीनं दादासोंकडे जाणं झालं. दादासो म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार, वाळवा तालुक्यात बारा एकर ऊस, विश्रामबागेच्या पुढं तीन मजली इमारत उभी करणारे चेअरमन. उंच, हसतमुख, ओवीला पाहताच त्यांनी तिच्या हातात बत्तासा दिला. “वहिनी, हवा बघा हितली. फर्स्ट क्लास. पोरगीचा खोकला आठ दिवसांत पळतोय का न्हाई बघा.” गच्चीवर नेलं, नळ सोडून दाखवला, भिंतीवर हात ठेवायला लावला. भिंत कोरडी होती. कोरडी, ऊन खाल्लेली, नव्या चुन्याची. चारुशीलेनं तळवा तिथंच ठेवला आणि तिला रडू यायला लागलं.

चहा आला. मग दादासो सहज म्हणाले, “तुमी तर यातल्या तज्ज्ञ. मास्तरांची केस पेपरात वाचली मी. झकास लढला. आता आमास्नी बी जरा सांगा, पुढं भानगड नको. आपल्याला कुणाचा द्वेष न्हाई बघा वहिनी. पलटणीत एका लंगरात जेवलोय समद्यांबरोबर. पर सोसायटी म्हंजे पलटण न्हाई. हितं बायकापोरं असत्यात.” चारुशीलेच्या मांडीवर ओवी झोपली होती, तिचं ओलं तोंड साडीला लागलेलं. उठून जायला हवं होतं. तिला नक्की आठवतं, तिनं उठण्याचा विचारही केला, आणि त्याच वेळी ओवीला खोकला आला. ती म्हणाली, “काही नाही हो. अर्ज आला की तीन महिन्यांच्या आत उत्तर द्या, म्हणजे झालं. आणि उत्तरात माणसाबद्दल काही लिहू नका. जागेबद्दल लिहा.” दादासोंनी वही काढली. “जागा शिल्लक न्हाई, असं?” आणि इथं, हेच तिला पुन्हा पुन्हा टोचतं, इथं तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. हातातलं काम नीटच व्हावं, या सवयीनं ती बोलून गेली. “नुसतं ‘शिल्लक नाही’ नको. उद्या कोणी रिकामी खोली दाखवली तर खोटं ठरेल. ‘वाटपयोग्य सदनिका शिल्लक नाही’ असं लिहा. मग ती राखीव आहे म्हणता येतं.” दादासोंनी मान डोलावली, जशी गुंडा मास्तरांच्या केसमध्ये उपनिबंधकांनी डोलावली होती. तिला बरं वाटलं. शाबासकी मिळाल्यासारखं, अगदी क्षणभर. आठ दिवसांनी पहिल्या मजल्यावरच्या सदनिकेची किल्ली सुमंतच्या हातात आली, आणि ओवीचा खोकला खरंच पळाला.

क्रांतीला दवाखान्याची खोली होती, पण ती एकटीपुरती. आईला तिथं ठेवता येत नव्हतं. आई, तानुबाई, कवठे महांकाळला एकटी, आणि दोन्ही डोळ्यांचा उजेड वर्षावर्षानं आत ओढला जाणारा. दोघींना एक घर हवं होतं, बस्स. चारुशीला एकदा ओवीला घेऊन तिकडे गेली होती, तिच्या पहिल्या वाढदिवसाच्या आधी, आभार मानायला. रखरखीत माळ, पत्र्याची दोन खोल्यांची जागा, शेणानं सारवलेलं अंगण. तानुबाईंनी चाचपत माठातून पाणी काढून तांब्या पुढं केला. चारुशीलेनं तो घेतला आणि वरून न ओतता, तोंड लावून, गटागटा पाणी प्यायली. आणि पिताना तिनं स्वतःकडे पाहिलं. पाणी घशाखाली उतरत होतं आणि तिच्या आत कोणीतरी उभं राहून टाळ्या वाजवत होतं, बघा, ही पितेय, हिच्या मनात तसलं काही नाही. तांब्या खाली ठेवताना तानुबाई एवढंच म्हणाल्या, “लय तहान लागली व्हती व्हय गं बाय?” त्या दिवशी घरी येताना तिनं सुमंतला सांगितलं, फार छान माणसं आहेत. ‘छान’ म्हणताना आपण काय म्हणतोय हे तिला कळलं नव्हतं.

शहाण्णवच्या दिवाळीत क्रांती आईला घेऊन फराळाला आली. जिना चढताना तानुबाई पायऱ्या मोठ्यानं मोजत होत्या. “अठरा!” दारात येऊन म्हणाल्या. चकली खाऊन झाल्यावर विचारलं, “आन् वर किती हायत गं?” ओवीनं त्यांचं बोट धरलं आणि दोघी वर गेल्या, एक पावणेतीन वर्षांची, एक साठीची. जिन्यातून आवाज येत होता, चवदा, पंदरा, सोळा. “अठरा आन् अठरा, छत्तीस! झालं की, पाठ झालं.” चारुशीलेला वाटलं, म्हाताऱ्या माणसांचं खूळ. वरच्या बंद दाराच्या कडीला तानुबाईंनी हात लावून पाहिला होता, हे ओवीनं नंतर सांगितलं. अर्ज त्याआधीच, ऑक्टोबरात गेला होता, आणि क्रांतीनं तो मुद्दाम सांगितला नव्हता. “म्हटलं, तुमाला आधी सांगायचं न्हाई. एकदम पेढं घेऊनच यायचं.” जानेवारीच्या त्या दुपारी, लिफाफ्याची घडी घालत तिनं हे सांगितलं, तेही ओशाळून, जणू गुन्हा तिचाच होता.

मग चारुशीलेनं जे केलं ते नियमाला धरूनच केलं. “क्रांती, मी त्याच सोसायटीची सभासद आहे. मला ही केस नियमानं घेता येत नाही.” यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. क्रांतीनं लगेच तिलाच समजावलं. “बरोबर हाय, ताई. नियम म्हंजे नियम. तुमच्याकडं कुणी बोट दाखवायला नको.” मग म्हणाली, “निदान साक्ष द्याल का? वरची जागा रिकामी हाय आन् ती अजून कुणाला दिल्याली न्हाई, एवढंच सांगायचं.” “बघते,” चारुशीला म्हणाली. तो शब्द मराठीत किती सोयीचा आहे! दार उघडंही नाही, बंदही नाही, नुसतं लोटलेलं. अपील करायला दोन महिने होते. तिनं क्रांतीला नानासोंकडे पाठवलं. आणि दोन महिने रोज सकाळी उठून ती ठरवायची, आज दादासोंना सांगते, आज नानासोंना सांगते. आणि रोज ओवी कोरड्या भिंतीला पाठ लावून दूध पीत बसलेली दिसायची. सुमंत वाईट माणूस नव्हता. तो फक्त म्हणाला, “तू खोटं तर काही बोलत नाहीयेस ना? मग? पोरीला पुन्हा त्या ओलीत न्यायचं आहे का?” दादासो जिन्यात भेटले की नेहमीसारखे हसायचे. “काय वहिनी, खोकला पळाला का न्हाई?” त्यात धमकी नव्हती. धमकी असती तर बरं झालं असतं. धमकीशी तिला भांडता आलं असतं.

तिनं साक्ष दिली नाही. नकारही दिला नाही. तारखेच्या दिवशी ओवीला ताप होता. ताप खरा होता, शंभराच्या वर थोडासा. संस्थेनं सांगितलं, वरची सदनिका संस्थेच्या कार्यालयासाठी राखीव आहे. एप्रिलात अपील फेटाळलं गेलं. क्रांती सांगायला आली ती रडत नव्हती, दमली होती. “नानासो म्हणाले, मौन असतं तर फोडलं असतं. पर हा कागद लय पक्का हाय. लिवणारा हुशार हाय म्हणत होते.” चारुशीला चहाला आधण ठेवत होती, पाठमोरी. तिनं साखर दोनदा घातली. दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये नानासो समोर आले. तिला वाटलं, आता बोलतील. कागदाचा मसुदा करायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. शिष्याचं अक्षर गुरूला ओळखू येत नाही असं कुठं असतं? त्यांनी पान लावलं, चुना पुसला, आणि विचारलं, “पोरगीचा खोकला कमी हाय न्हवं आता?” बस्स. ती म्हणाली, हो. ते म्हणाले, “बरं झालं.” आणि कोट खांद्यावर टाकून आत गेले. वकिली करताना तिला अनेकांनी अनेक टोमणे मारले, पण ते “बरं झालं” अजून तिच्या अंगावरून पुसलं जात नाही.

गणपतीनंतर वर माणसं राहायला आली. फलटणच्या कारखान्यातून इकडे आलेले केमिस्ट, बायको, दोन मुली. चांगली माणसं आहेत, आल्या आल्या साखर वाटली. त्यांच्या मुली जिना दणदण चढतात आणि चारुशीला स्वयंपाकघरात उभी राहून नकळत मोजते, चवदा, पंदरा, सोळा. घराची केस घेऊन कोणी आलं की आता ती सांगते, मी सध्या वारस दाखले, खरेदीखतं एवढंच करते. लोक म्हणतात, लहान मूल आहे, साहजिक आहे. तीही मान हलवते. क्रांतीला बढती मिळून नाशिककडे बदली झाली. आई तिच्यासोबत गेली नाही. “हितलं समदं माझ्या हाताला ठाऊक हाय,” म्हणाली, “तिथं पुन्यांदा कुठं पायऱ्या पाठ करू?” हे दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं. आणि हेही सांगितलं, की दोन्ही डोळे आता पार गेलेत, शेजारची पोर पाणी भरून देते, कधी देते, कधी विसरते.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात चारुशीला तीनदा स्टँडवर गेली. ओवीचं बोट धरून, पिशवीत लाडवांचा डबा, कवठे महांकाळची पाटी लावलेल्या गाडीपर्यंत. सव्वा-दीड तासाचा रस्ता. कंडक्टर ओरडतो, “चला, मिरज, कवठे!” माणसं चढतात, गाडी सुटते, आणि ती डबा घेऊन परत येते. तिथं जाऊन काय सांगायचं? तानुबाई काही विचारणार नाहीत, हेच तर अवघड. तिसऱ्या वेळी गाडीच्या खिडकीत बसलेल्या एका अनोळखी माणसाकडे ती बघत राहिली. ओवी म्हणाली, “आई, बोल की त्यांच्याशी.” तिनं तोंड उघडलं, आणि गाडी हलली. तेव्हापासून ते वाक्य तिच्या तोंडातच आहे, आणि दिवसभर ती ते कुणाला ना कुणाला म्हणत असते, भाजीवाल्याला, पक्षकाराला, रस्त्यानं जाणाऱ्याला, मनातल्या मनात. आता तुम्हालाच म्हणते. अहो, तुम्ही कधी तिकडे गेलात तर जरा वाकडी वाट करा. स्टँडवरून सरळ माळाकडे, पत्र्याच्या दोन खोल्या, कुणीही दाखवील. रांजणात पाणी आहे का बघा. चूल आवरताना हात भाजून घेत नाहीत ना, तेवढं बघा. नाव सांगायची गरज नाही, माझं तर नकोच. तुमचं आडनावही त्या विचारणार नाहीत. आधी चाचपत तांब्या पुढं करतील. ते पाणी प्या. फक्त पिताना स्वतःकडे बघू नका.